पट्टा काळा, कॉलर दुसऱ्याच्या हातात

प्रश्न घरगुती होता : नऊ वर्षांच्या मुलीला कराटेच्या क्लासला घालायचं की नाही. मुलीचा बाप, म्हणजे या लेखातला भाचा, शाळेत असताना आठ वर्षं कराटे शिकलेला, तपकिरी पट्ट्यापर्यंत पोचलेला. आता बोईसरला कारखान्यात असतो. मामा वाणगावचे, हयातभर शाळेत पीटीचे सर, निवृत्तीनंतर ढोबळी मिरचीच्या शेडमध्ये रमलेले. भाच्याचं म्हणणं, लहानपणी शिकलेलं खऱ्या मारामारीत कामाला येत नाही. मामांचं म्हणणं, येतं, पण काय कामाला येतं हेच आपण नीट पाहत नाही. मी दोघांनाही ओळखतो आणि हे बोलणं झालं तेव्हा समोर होतो. जिथे राहवलं नाही तिथे मधे माझं म्हणणं घातलं आहे. मामी ओटीवर मिरची निवडत होत्या. आपलं इकडे लक्ष आहे याचा त्यांनी बराच वेळ कोणाला पत्ता लागू दिला नाही.

भाचा : क्लासला माझी ना नाही. घाम गाळेल, मोबाईल सुटेल, चार मैत्रिणी होतील. पण तिला सांगायचं काय? आता तुला कोणी हात लावू शकत नाही? ते खोटं आहे, मामा. आणि दर थोड्या महिन्यांनी नव्या रंगाच्या पट्ट्याची फी भरून ते खोटं आपणच पक्कं करायचं.

मामा : खोटं आहे हे तुला कधी कळलं?

भाचा : विरारला. संध्याकाळची डहाणू लोकल. दारात उभं राहण्यावरून शब्दाला शब्द लागला. समोरच्यानं बोलता बोलताच माझी कॉलर धरली आणि पाठ पत्र्याला टेकवली. आठ वर्षांत मी किती किका मारल्या असतील! तिथे गुडघा उचलायला जागा नव्हती. ठोशासाठी कोपर मागे न्यावं तर मागे कोणाची तरी बॅग. शिकलेलं एकही सुरू करता येईना. एक थोबाडीत बसली, मग लोकांनी सोडवलं.

मामा : पडलास?

भाचा : नाही.

मामा : हातपाय गळाले?

भाचा : तसं नाही. हनुवटी आत गेली, दोन्ही हात तोंडापाशी आले. आपोआप झालं.

मामा : आपोआप म्हणे! ज्यानं जन्मात कोणाचा फटका खाल्ला नाही तो पहिल्या थपडेला गोठतो. दुखतं म्हणून नव्हे. आपल्याला कोणी मारलं, हेच त्याला पटत नाही. तुला ते पटलं आणि तू सावरलास. फी तिथे वसूल झाली.

भाचा : हात वर धरायला आठ वर्षं लागतात का? आणि ते क्लासमुळे आले असं तरी कशावरून? क्लासात तर उलटं शिकवायचे. एका हातानं ठोसा मारला की दुसरी मूठ कमरेला ओढून घ्यायची. त्याला हिकिते म्हणतात. रस्त्यावर मूठ कमरेला गेली म्हणजे तोंड उघडं पडलं. जोडीनं लढताना एक फटका नीट बसला की पंच ‘यामे’ म्हणून ओरडतो. दोघं थांबतात, गुण मिळतो, परत आपापल्या जागी. म्हणजे मी आठ वर्षं एक फटका मारून थांबायला शिकलो. बाहेरचा माणूस पहिल्या फटक्यानंतर तर सुरू होतो.

इथे भाच्याच्या बाजूनं थोडा इतिहास घालतो. रांगेत उभी मुलं, सरांनी आकडे मोजायचे, सगळ्यांनी एकदम ठोसा मारायचा, हे आपल्याला फार प्राचीन वाटतं. तसं ते नाही. ओकिनावात ही विद्या गुरू मोजक्या शिष्यांना शिकवी. विसाव्या शतकाच्या आरंभी इतोसू आंको यांनी ती शाळेत नेली, शिकाऊ मुलांसाठी पिनान नावाचे पाच सोपे काता, म्हणजे एकट्यानं करायच्या हालचालींचे ठरलेले क्रम, रूढ केले आणि शाळांतून हे का शिकवावं याची दहा कलमं १९०८ साली पत्रानं सरकारपुढे मांडली. त्यांचे शिष्य गिचिन फुनाकोशी पेशानं शाळामास्तर. त्यांनी १९२२ साली तोक्योत प्रात्यक्षिक दाखवलं आणि पुढे कराटे जगभर गेलं. तेव्हा वाणगावच्या पटांगणात जे चालतं ते शाळेच्या कवायतीसाठीच घडवलेलं आहे. पीटीच्या सरांना ते जवळचं वाटावं यात नवल नाही.

मामा : कवायत म्हणून हिणवू नका. कवायतीनं पोराला आपलं शरीर कुठे संपतं ते कळतं. निम्म्या पोरांना तेही कळत नसतं, वर्गात बाकाला धडकत चालतात.

भाचा : कवायतीला मी नाव ठेवत नाही, कवायतीला लढाई म्हणण्याला ठेवतो. जपानचाच जिगोरो कानो घ्या. लहानपणी अंगानं किरकोळ, शाळेतली दांडगी पोरं छळायची, म्हणून जुजुत्सू शिकला. १८८२ साली त्यानं कोदोकान काढलं, ज्युदो तिथला. त्यानं काय केलं? फटके, लाथा, हाडं मोडणारे डाव रोजच्या झुंजीतून काढून टाकले आणि कातापुरते ठेवले. झुंजीत ठेवलं ते उचलून आपटणं, दाबून धरणं, आवळणं, कोपराची पकड. जुन्या लोकांना वाटलं असेल, नागाचे दातच काढले. झालं भलतंच. डोळ्यात बोट घालायचा डाव जोडीदारावर पूर्ण जोरानं कधीच करता येत नाही, कारण केला तर उद्या जोडीदार उरत नाही. म्हणून तो कायम हवेतच शिकला जातो. आपटायचा डाव मात्र रोज करता येतो, पूर्ण जोर लावून, आणि तोही विरोध करणाऱ्या माणसावर. वेळेला हात तोच डाव काढतो जो त्यानं खरोखर केलेला असतो. जो जितका ‘घातक’ तो तितका निरुपयोगी, असं आहे हे.

मामा : हे तू जपानहून आणलंस. आपल्या तालमीत दुसरं काय चालतं? कुस्तीत ठोसा नाही, लाथ नाही, चावणं नाही. पण समोरचा खरा, त्याचा जोर खरा. दहा वर्षांचं पोर रोज पडतं, रोज उठतं. पडण्याची भीती आठवड्यात जाते.

भाचा : मग पोरीला कुस्तीला घाला म्हणा. तुम्हीच माझं बोलताय.

मामा : तिला चालत जाता येईल एवढ्या अंतरावर मुलींची तालीम दाखव, उद्या घालतो. क्लास निवडताना जो दारात आहे तो बघावा लागतो. आणि तुझ्या त्या पूर्ण जोराबद्दल एक विचारतो : नऊ वर्षांच्या डोक्यावरसुद्धा पूर्ण जोर लावायचा का?

मामांचा हा प्रश्न वाटतो त्याहून मोठा आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१६ साली मुलांच्या मार्शल आर्ट्सवर अहवाल काढला. त्यात त्यांनी स्पर्शाविना चालणाऱ्या सरावाला पाठिंबा दिला, डोक्यावर फटके बसणाऱ्या प्रकारांपासून मुलांना दूर ठेवायला सांगितलं, आणि शिरस्त्राण घातलं की मेंदूला धक्का बसत नाही या समजुतीवर विसंबू नका, असंही बजावलं. म्हणजे भाचा म्हणतो तसा खरा विरोध हवा तर तो धरपकडीत, ढकलाढकलीत, पाडापाडीत मिळतो. ठोशांत तो मुलांना देणं धोक्याचं. लहान मुलांच्या बाबतीत कुस्ती आणि ज्युदो कराटेहून सरस, हे माझंही मत आहे. मामांना मी ते तेव्हा सांगितलं नाही, कारण ते पुढचं बोलायला सुरुवात करून मोकळे झाले होते.

मामा : आणि घातक-बितक सोड. गेल्या दोन-चार वर्षांत आपल्याकडे मर्दानी खेळांना परत दिवस आलेत. २०२४ साली सरकारनं दांडपट्ट्याला राज्यशस्त्र केलं. गावोगाव पोरी लाठी फिरवायला लागल्यात. त्याचा काही उपयोग नाही म्हणशील?

भाचा : मिरवणुकीत आहे. दांडपट्टा घेऊन मला वाणगावला गाडीत चढू देतील का? मामा, ती आपली ठेव आहे, जपायलाच हवी. त्यासाठी ती ‘स्वसंरक्षण’ आहे असं सांगायची गरज काय? वारसा म्हणून शिकवा ना.

मामा : हे मला मान्य.

भाचा : मग आणखी एक मान्य करा. खाशाबा जाधव १९५२ला हेलसिंकीत कांस्य जिंकले ते बँटमवेटमध्ये, ५७ किलोच्या गटात. जगातला उत्तम पैलवानसुद्धा आपल्या वजनाच्या माणसाशीच लढतो. कसबानं वजन भरून निघत असतं तर गट पाडले कशाला असते? आणि आपण पंचवीस किलोच्या पोरीला सांगायचं की तू सत्तर किलोच्या बाप्याला लोळवशील?

मामा : असं सांगणारा सर असेल तर पोरीला तिथून काढ. पहिल्या दिवशी जाऊन बसायचं आणि बघायचं. पोरं एकमेकांना धरतात की नुसती हवेत मारतात? पडायला शिकवतात का? थोराड पोराची जोड किरकोळ पोराशी लावतात का? आईबापांना आत बसू देतात का? शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. भिंतीवरचे चषक बघायचे नाहीत.

भाचा : चषकांचंच सांगतो. ऑलिंपिकमध्ये कराटे आलं ते तोक्योला, २०२१ साली झालं त्या वेळी. पंचाहत्तर किलोवरच्या गटाची अंतिम लढत. सौदीचा तारेग हामेदी ४–१ नं पुढे. त्यानं इराणच्या सज्जाद गंजझादेच्या डोक्यावर लाथ मारली आणि गडी जागेवर बेशुद्ध. स्ट्रेचरवरून नेला. सुवर्ण कोणाला मिळालं? बेशुद्ध पडलेल्याला! का, तर लाथेवर ताबा नव्हता, म्हणून मारणारा बाद. जिथे खरोखर मारणाऱ्याला बाद करतात ते लढायला शिकवतं, असं मी कसं म्हणू?

मामा : मी ती लढत बघितली. मला त्यात काही चुकीचं वाटलं नाही.

भाचा : बेशुद्ध माणूस विजेता, हे चुकीचं नाही?

मामा : तू रस्त्यावरचं बोलतोस ना? मग रस्त्यावरचा कायदा बोलू. पूर्वी भारतीय दंड संहितेची ९६ ते १०६ कलमं होती, आता न्याय संहितेची ३४ ते ४४. स्वतःच्या बचावाचा हक्क आहे, पण बचावाला लागेल तेवढीच इजा करायची, वर नाही. पोलिसांकडे जायला वेळ असेल तर तो हक्कही नाही. आणि समोरच्याचा दात पडला तर कायद्यानं ती ‘जबर दुखापत’, हात मोडल्याच्या रांगेतली. विरारला तुझी लाथ लागली असती आणि तो रुळांवर गेला असता तर आज तू बोईसरला शिफ्टला नसतास, ठाण्याच्या तुरुंगात असतास. कुठे थांबायचं ते शिकायलाच जास्त वर्षं लागतात. तुझ्या ‘यामे’ची तू चेष्टा केलीस, मला तर तीच शिकवण वाटते.

इथे मला मामांचं पारडं जड वाटलं. भाचाही क्षणभर थांबला, मग त्यानं खिशातून नॉर्वे काढलं.

भाचा : ताबा येतो म्हणता. शाळेतल्या दादागिरीवर आयुष्यभर काम केलेले डॅन ओल्वेउस, त्यांनी एका सहकाऱ्याबरोबर ११ ते १३ वर्षांच्या मुलांचा अभ्यास केला, २००५ साली छापून आला. मुष्टियुद्ध, कुस्ती, वजन उचलणं, मार्शल आर्ट्स, यांत पडलेली मुलं इतरांपेक्षा जास्त हिंसक, जास्त उनाड वागायला लागली.

मामा : वजन उचलणारी पोरंही त्यातच ना? वजन उचलताना समोर कोणीच नसतो, ती का बिघडली? तिथली संगत बिघडवते, खेळ नव्हे. जो सर पोरांना ‘तुम्ही वाघ आहात’ म्हणतो त्याची पोरं मधल्या सुट्टीत दुसऱ्याला चावणारच. कराटेत पहिला हात आपला नाही, असं फुनाकोशी शिकवायचा. तेवढं जरी सरानं पोरांत रुजवलं तरी पुरे.

भाचा : बरं, एक माणूस समोर असला तर हे सगळं. शंभर असले तर? आपल्याच तालुक्यात, गडचिंचल्याला, १६ एप्रिल २०२०. लॉकडाऊन. पोरं पळवणारी टोळी फिरतेय अशी अफवा, आणि जमावानं दोन साधू नि त्यांचा गाडीवाला, तिघांना मारून टाकलं. पोलीस तिथे होते. कोणत्या रंगाचा पट्टा उपयोगी पडला असता?

मामा : कोणताही नाही. तिथे अफवेला आदल्या दिवशी अडवणारा माणूस उपयोगी पडला असता.

भाचा : तो कुठल्या क्लासात तयार होतो?

मामा : क्लासात होत नाही, पण या मातीत झालेला आहे. १९४५च्या मे महिन्यात झरीला वारली जमले आणि वेठीला जाणार नाही असं ठरवून उठले. गोदावरी परुळेकरांनी सगळं लिहून ठेवलंय. पिढ्यान् पिढ्या जमीनदाराच्या माणसापुढे मान खाली घालणारी माणसं. त्यांना कोणी डाव शिकवले नव्हते, लाठी शिकवली नव्हती. त्यांनी आधी मार खायची भीती टाकली. मी सुरुवातीपासून हेच म्हणतोय.

भाचा : ती एकेकटी नव्हती, मामा. हजारोंनी होती. आणि भीती टाकल्यामुळे गोळी चुकली नाही. ऑक्टोबरात तलवाड्याला गोळीबार झाला, जेठ्या गांगड गेला, बरोबर आणखी चौघं.

मामा : वेठ मात्र मोडली.

दोघंही गप्प बसले. खरं तर बोलणं भलतीकडेच गेलं होतं. नऊ वर्षांची मुलगी राहिली बाजूला, आणि आम्ही तिघं पुरुष ऑलिंपिक, कायदा, जमाव आणि उठाव करून आलो होतो. मारामारी म्हटलं की पुरुषाच्या डोळ्यांसमोर समोरासमोर उभी दोन माणसं येतात, नाहीतर भरलं मैदान येतं. मामींच्या डोळ्यांसमोर यातलं काहीच नव्हतं.

मामी : झालं का तुमचं? मग मी बोलते. तासभर तुम्ही कोणाकोणाशी लढलात. लोकलमधला गडी, जमाव, जमीनदार. त्या पोरीच्या वाट्याला यातलं काय येणार आहे? तिला त्रास झालाच तर तो कोणाकडून होईल?

मामा : अहो, म्हणजे तेच, कोणी रस्त्यात...

मामी : रस्त्यात क्वचित. गुन्ह्यांचा सरकारी अहवाल येतो दरवर्षी, पेपरात छापतात. बलात्काराची जेवढी प्रकरणं नोंदवली जातात त्यातल्या दहांतल्या नऊहून जास्त प्रकरणांत आरोपी ओळखीचा. शेजारी, नातलग, घरी येणारा-जाणारा. ओळखीचा माणूस कॉलर धरत नाही. तो चॉकलेट आणतो, मांडीवर बसवतो, लाडानं जवळ घेतो. तिथे काय, आल्या आल्या लाथ घालेल ती? त्याला लाथ कधी घालायची, कोण सांगणार तिला?

भाचा : मामी, मग करायचं काय?

मामी : ‘काका, हात काढा,’ हे मोठ्यांदा म्हणता आलं पाहिजे. भरल्या घरात, पाहुण्यांसमोर. आणि म्हटल्यावर आपण तिलाच ‘मोठ्यांना असं बोलतात का’ म्हणून दटावायचं नाही. तुम्ही दोघांनी तिला आतापर्यंत किती वेळा दटावलंय ते आठवा.

मामा : क्लासात ओरडायला शिकवतात की. किआई म्हणतात त्याला.

मामी : तीस पोरांनी सरांच्या आकड्यावर एकदम ओरडणं वेगळं आणि एकटीनं ओरडणं वेगळं. शाळेतपण आत्मरक्षेचं शिकवतात, लक्ष्मीबाईच्या नावानं सरकारी योजना आहे ती. सहावीच्या पुढे, तीन महिने. चांगलंच आहे. पण हिला सहावीला अजून वेळ आहे, आणि तीन महिन्यांत मुठी वळायला शिकून होतं, तोंड उघडायला नाही.

मामींना माहीत नसलेली, पण त्यांचंच म्हणणं सांगणारी एक पाहणी आहे. कॅनडात शार्लीन सेन यांनी तीन विद्यापीठांतल्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थिनींना बारा तासांचं प्रशिक्षण दिलं. निष्कर्ष २०१५ साली वैद्यकीय नियतकालिकात आले. त्या बारा तासांत हातपाय चालवायला शिकवलं, पण तो एक भाग होता. बाकीचा भर ओळखीच्या माणसाच्या वागण्यातला धोका लवकर हेरण्यावर, ‘आपलंच काही चुकत असेल’ हा मनातला अडसर काढण्यावर आणि स्पष्ट नकार देण्यावर. वर्षभरात बलात्काराला सामोरं जावं लागलेल्या मुलींचं प्रमाण प्रशिक्षण घेतलेल्यांत ५.२ टक्के, न घेतलेल्यांत ९.८ टक्के. जवळपास निम्मं. बारा तासांत कोणीही कराटेपटू होत नाही. या मुली सज्ञान होत्या आणि नऊ वर्षांच्या मुलीला हेच आकडे लावता येणार नाहीत, ही मर्यादा सांगायला हवी. पण शिकवण्याचा क्रम मला पटतो : आधी हेरणं, मग बोलणं, मग हात.

भाचा : म्हणजे मामी, क्लास नको?

मामी : मी असं कुठे म्हटलं? पण विचारलंसच तर सांगते. शाळेत मी चढाईला जायचे.

मामा : कबड्डी?

मामी : कबड्डीच. चढाई म्हणजे काय? सात जणींच्या अंगणात एकटीनं शिरायचं. एक घोटा धरते, दुसरी कंबर धरते, दोघी साखळी करून मागून येतात. तुम्ही कोणाला ठोसा मारत नाही, लाथेनं लोळवत नाही. अंग पिळायचं, निसटायचं, ओढत जायचं आणि मध्यरेषेला हात पोचवायचा. पोचला की सुटलात. आता तुम्ही तासभर म्हणताय मारामारी, मारामारी. त्या पोरीला मारामारी करायचीच नाहीये. तिला सुटायचंय आणि माणसांत पळून यायचंय. सुटून पळायचा रोजचा सराव कुठल्या खेळात होतो?

भाचा : आयला. कानोची अट यात बसते. समोरच्या खऱ्या, पूर्ण जोर लावणाऱ्या, आणि एक नव्हे, अनेक.

मामा : कबड्डी मला शिकवू नका तुम्ही. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची माणसं १९३६ला बर्लिनला गेली तेव्हा तिथे ती खेळून दाखवली. २०१२ला पाटण्याला पोरींनी पहिला विश्वचषक आणला, त्यात आपल्या महाराष्ट्राच्या तिघी होत्या, अभिलाषा म्हात्रे, सुवर्णा बारटक्के, दीपिका जोसेफ. कबड्डीला मी कमी लेखत नाही. पण तिचे नियम बघा. चढाईवालीचं तोंड दाबलं तर पकडणाऱ्याचा फाउल. बाहेर तर पहिलं तोंडच दाबतात. केस ओढायचे नाहीत, कपडा ओढायचा नाही. बाहेर पहिला हात तिथेच जातो. ज्या दोन गोष्टी नक्की होणार त्याच खेळात नाहीत. आणि गुडघे जातात ते वेगळंच.

भाचा : हे मात्र बरोबर आहे, मामी. केस धरले तर काय करायचं ते मला क्लासात शिकवलं होतं. धरणाऱ्याचा हात आपल्याच डोक्यावर दाबून धरायचा, म्हणजे ओढ कमी होते, आणि मग खाली वाकून वळायचं. ते अजून लक्षात आहे.

मामी : मग ते तू शिकव तिला. घरी, या ओटीवर. तोंड दाबलं तर काय करायचं तेही शिकव. बोट चावायचं, अजून काय. त्याला पट्टा नको आणि फी नको. चढाई मी शिकवते. पळायला ती आधीपासूनच पळते.

मामा : एकटी कोणाशी खेळणार? कबड्डीला पोरी लागतात, दोन्ही बाजूंना मिळून निदान दहा तरी.

मामी : पोरी आहेत. पाड्यावरच्या पाचसहा जणी तर आत्ता हाक मारली तरी येतील, तुमच्या पोरीपेक्षा चपळ आहेत. पोरींचा प्रश्न नाही, जागेचा आहे. शाळेमागच्या पटांगणात साडेपाचला क्रिकेटवाली पोरं असतात, दहावी-अकरावीची. त्यांना अर्ध्या मैदानावरून रोज तासभर हलवावं लागेल.

भाच्यानं मामांकडे पाहिलं.

मामा : ती ऐकायची नाहीत. गेल्या वर्षी मी लेझीमसाठी मागितलं होतं मैदान. बॉल टाकत राहिली, वर बघितलंसुद्धा नाही.

मामी : म्हणूनच दोघं जा. एक आठ वर्षं लढायला शिकलेला, एक जन्मभर शिकवत आलेला. साडेपाचला जा, मी पोरींना सहाला घेऊन येते.